काउंट तोच, रीड-पिक तेच, तरी कापड पुन्हा पुन्हा का फाटते?

ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या स्वरूपातच येते. कागदावर कापडाची रचना बदललेली नसते, ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) आणि बाण्याचे (आडव्या धाग्यांचे) काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचे आकडे, मोजले तर बरोबर उतरतात, इंचातील तारा (ताण्याचे धागे) आणि पिकही (बाण्याचे धागे) भरतात, आणि तरीही तीन-चार लॉट सुरळीत गेल्यावर एखादा लॉट फाडण्याच्या चाचणीत नापास होतो. त्यावर काहीतरी उपाय केला जातो, पुढचा लॉट कसाबसा पास होतो, आणि काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. समस्या अशी फिरून फिरून येत असेल, तर केलेला उपाय कारणावर नव्हता, एवढे तरी त्यातून निश्चित समजावे.

मी ज्या कापडावर हे शिकलो त्याची रचना अगदी नेहमीची होती: ताणा 20 काउंट, बाणा 16 काउंट, इंचात 128 तारा आणि 60 पिक, वीण तीन-एक ट्विल, म्हणजे तिरकस रेघा दिसणारी. एका वर्षात तीन वेळा या कापडाचे बाण्याचे टेअर, म्हणजे फाटण्याची ताकद, कमी आले. पहिल्या वेळी आम्ही काउंट तपासला. तो बरोबर होता. मग बाण्याच्या सुताचा पीळ मोजला, तर तो मागणीपेक्षा कमी भरला, आणि कारण हाती लागले असे आम्हा सर्वांना वाटले. सूत देणाऱ्या गिरणीला पीळ वाढवायला सांगितले. पुढचे सूत आले ते हाताला खरखरीत आणि ताठ लागत होते, कापडही कडक झाले, पण टेअरचा आकडा सुधारला नाही. तिसऱ्या वेळी मी नापास तुकड्यातून बाण्याचे धागे उसवले आणि भिंगाखाली एकेक उलगडून पाहिले, तेव्हा लक्षात आले की सुरुवातीच्या लॉटांत रिंगवर कातलेले सूत होते आणि नंतरच्या लॉटांत रोटरवर कातलेले; या कताईच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. कोनवरच्या (सूत गुंडाळलेल्या शंकूवरच्या) चिठ्ठीवर दोन्ही वेळी एवढेच लिहिलेले होते: 16 काउंट, कॉटन.

काउंट म्हणजे लांबी आणि वजन यांचे नाते. एका पौंडात 840 यार्डांच्या किती लड्या बसतात, तो आकडा म्हणजे काउंट. 16 काउंटच्या एका पौंड सुताची लांबी 13,440 यार्ड भरते. त्या लांबीत तंतू कसे बसले आहेत, किती सरळ आहेत, एकमेकांना कसे धरून आहेत, धागा किती जाड दिसतो, यांपैकी काहीही काउंट सांगत नाही. कापडाची ताकद मात्र मोठ्या प्रमाणात याच गोष्टींवर ठरते.

प्रथम: नेमके काय कमी पडले आहे?

"कापड कमजोर आहे" हे वाक्य निदानाच्या कामाचे नाही. ओढून तुटण्याची ताकद आणि फाटण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीसाठी केलेला उपाय दुसरीला मारक ठरू शकतो, म्हणून ही फोड सर्वांत आधी करावी.

टेन्साइल चाचणीत 50 मिलिमीटर रुंदीची पट्टी दोन जबड्यांत धरून ओढली जाते. वरील कापडाची बाण्याच्या दिशेने पट्टी कापली तर तिच्यात सुमारे 118 धागे येतात आणि भार त्या सर्वांवर जवळजवळ एकाच वेळी पडतो. टेअरमध्ये असे होत नाही. आधी दिलेल्या कापाच्या टोकाशी एक लहान त्रिकोणी मोकळी जागा तयार होते. ज्या धाग्यांना तुटायचे आहे ते आडव्या धाग्यांवरून सरकत त्या त्रिकोणात गोळा होतात, आणि कापडाचा भार त्या क्षणी एक-दोन किंवा फार तर मोजक्या धाग्यांवर असतो. जितके अधिक धागे सरकून एकत्र येतील आणि तुटण्यापूर्वी जितके अधिक ताणले जातील, तितकी टेअर ताकद जास्त. म्हणून टेअरला तीन गोष्टी लागतात: एकट्या धाग्याची ताकद, त्याची ताणले जाण्याची क्षमता आणि त्याला सरकायला असलेली मोकळीक. टेन्साइलला तिसऱ्या गोष्टीची फारशी गरज नसते. धागे घट्ट धरले गेले तर उलट त्याला थोडी मदतच होते.

यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो. टेअर कमी आले म्हणून पिक वाढवणे हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत जास्त फसणारा उपाय आहे. पिक वाढले की बाण्याचे टेन्साइल वाढते, पण धाग्यांची मोकळीक कमी होते आणि टेअर होते तेथेच राहते किंवा आणखी खाली जाते.

अहवाल वाचतानाही एक काळजी घ्यावी. "ताण्याच्या दिशेचे टेअर" या शब्दांचा अर्थ काही ठिकाणी "ताण्याच्या दिशेने फाटत गेले" असा घेतला जातो आणि काही ठिकाणी "ताण्याचे धागे तुटले" असा. हे दोन अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. ताण्याला समांतर फाटते तेव्हा तुटतात ते बाण्याचे धागे. अहवालावर वाद घालण्यापेक्षा फाटलेला नमुना हातात घ्यावा, तुटलेली टोके कोणत्या धाग्यांची आहेत ते डोळ्यांनी पाहावे, आणि पुढचा सर्व तपास त्याच धाग्यांपुरता ठेवावा.

धागा उसवून पाहणे

या कामाला भिंग, एक सुई, गडद रंगाचे कापड आणि वीस मिनिटे एवढेच पुरते, पण अनेक ठिकाणी हेच काम सर्वांत शेवटी केले जाते. कापड खळीसहित (ताण्याला लावलेल्या कांजीसहित) असेल तर आधी खळ पूर्ण काढावी, नाहीतर चिकटलेले तंतू दिशाभूल करतात. नापास लॉटमधील आणि पूर्वी पास झालेल्या लॉटमधील प्रत्येकी दहा-बारा धागे उसवून गडद कापडावर शेजारी शेजारी ठेवावेत. नंतर एक धागा दोन्ही हातांच्या चिमटीत सुमारे इंचभर अंतरावर धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवावा.

रिंग सूत असेल तर ते फिरवता फिरवता उघडत जाते. एका ठिकाणी तंतूंची सपाट, जवळजवळ समांतर पट्टी दिसू लागते आणि हलके ओढले की ती आवाज न करता सुटते. रोटर सूत असे उघडत नाही. आतला गाभा सैल होतो, पण ठिकठिकाणी काही तंतू त्याच्याभोवती आडवे वेढे घेऊन बसलेले असतात, आणि आपण पीळ उलगडू लागलो की त्यांतले काही वेढे सुटण्याऐवजी काटक्यांच्या जुडीला आवळलेल्या दोरीसारखे अधिकच आवळतात. धागा तेथे चिमटल्यासारखा दिसतो आणि दोन वेढ्यांच्या मध्ये फुगतो. एअर-जेट किंवा व्हॉर्टेक्स सुतात वेढे अधिक नियमित असतात आणि आतला गाभा जवळजवळ बिनपिळाचा, सरळ तंतूंचा असतो. वेढे सुईने मोडले की गाभा लगेच विस्कटतो. एकदा हे तिन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले की नंतर ओळखायला वेळ लागत नाही.

हा फरक केवळ दिसण्याचा नाही. रिंगवर कातताना तंतूंच्या पट्टीला पीळ बसतो तेथे एक लहान त्रिकोण तयार होतो. त्याच्या कडेच्या तंतूंवर ताण अधिक असतो, म्हणून ते आत शिरतात, आणि मधले सैल तंतू बाहेर ढकलले जातात. असा प्रत्येक तंतू आपल्या लांबीत कधी आत तर कधी बाहेर जातो, आणि जेथे तो आत असतो तेथे इतर तंतू त्याला दाबून धरतात. रिंग सुताची पकड या अदलाबदलीतून येते. कॉम्पॅक्ट कताईत तो त्रिकोण जवळजवळ नाहीसा केला जातो, त्यामुळे कडेचे तंतूही पिळात सापडतात, लव कमी होते आणि ताकद आणखी थोडी वाढते. रोटरमध्ये तंतू सुटे सुटे होऊन फिरत्या रोटरच्या खाचेत साचतात आणि तेथून सूत म्हणून ओढले जातात. त्यांतले पुष्कळ तंतू वाकलेले, दुमडलेले राहतात, आत-बाहेरची अदलाबदल कमी होते, आणि उशिरा येऊन पडलेले तंतू वेढे बनून बाहेरच राहतात. अशा वेढ्यांच्या तंतूंचे वजन काउंटमध्ये धरले जाते, पण ओढताना ते फारसा भार घेत नाहीत. त्याच कापसापासून, त्याच काउंटचे रोटर सूत रिंग सुतापेक्षा कमी ताकदीचे असण्याचे मुख्य कारण हेच आहे. त्याच वेळी त्याची समानता सहसा चांगली असते, लवही कमी असते, म्हणून त्याला सरसकट निकृष्ट म्हणणे चुकीचे ठरेल. पण एका प्रकारच्या सुतावर आखलेल्या कापडात न सांगता दुसरा प्रकार आला, की आखणीचा हिशेब बिघडतो.

पिळाची मोजणी कोठे फसवते

आमची पहिली चूक येथे झाली होती. पीळ मोजण्याच्या नेहमीच्या यंत्रात धाग्याचा तुकडा ठरावीक ताणाखाली धरून उलट दिशेने फिरवतात. पीळ सुटताना धागा लांबतो आणि उलट पीळ बसू लागला की पुन्हा आखडतो; तो मूळ लांबीवर आला की झालेल्या फेऱ्यांच्या निम्मी संख्या म्हणजे पीळ. ही पद्धत धागा पूर्णपणे उलगडतो या गृहीतकावर उभी आहे. रिंग सुतासाठी ते गृहीतक ठीक आहे. रोटर सुतात वेढे उलगडत नाहीत, त्यामुळे कताईच्या यंत्राने प्रत्यक्ष दिलेल्या पिळापेक्षा मोजणी कमी दाखवते. म्हणजे आमच्या सुतात पीळ कमी नव्हता, मोजण्याची पद्धत त्या सुताला लागू होत नव्हती, आणि त्या चुकीच्या आकड्यावर विसंबून आम्ही आधीच पुरेसा पीळ असलेले सूत आणखी पिळून घेतले होते.

पिळाचा हिशेब सोपा आहे: इंचातील पीळ म्हणजे पीळगुणक गुणिले काउंटचे वर्गमूळ. 16 काउंटचे वर्गमूळ 4, म्हणून पीळगुणक 3.6 धरला तर इंचात 14.4 पीळ, आणि 4.5 धरला तर 18. रिंगच्या बाण्यासाठी पीळगुणक साधारण 3.2 ते 3.8 आणि ताण्यासाठी 4 ते 4.5 ठेवण्याची रूढी आहे. रोटर सूत कमी पिळावर नीट कातलेच जात नाही, म्हणून त्याचा पीळगुणक मुळातच वर असतो.

पीळ वाढवला की सुताची ताकद वाढते, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो आणि त्यांचे निसटणे थांबवतो, म्हणून सुरुवातीला ताकद चढत जाते. पण पीळ जितका अधिक तितके तंतू धाग्याच्या अक्षापासून अधिक तिरके होतात, आणि तिरक्या तंतूच्या ताकदीचा थोडाच भाग धाग्याच्या दिशेने उपयोगी पडतो. या दोन परिणामांच्या झटापटीत एक शिखर येते आणि त्यापुढे ताकद उतरते. कापसाच्या रिंग सुतात हे शिखर साधारणपणे 4 ते 4.5 पीळगुणकाच्या आसपास असते. तंतू लांब आणि बारीक असतील तर ते अलीकडे सरकते.

कापडात तर हे शिखर एकट्या धाग्यापेक्षाही अलीकडे असते, आणि ही बाब सहसा विसरली जाते. कापडात प्रत्येक छेदावर आडवा धागा उभ्याला दाबतो. एकट्याने ओढला तर ज्याचे तंतू निसटले असते असा हलक्या पिळाचा धागाही तेथे धरला जातो. म्हणून केवळ कापडाचे टेन्साइल वाढावे यासाठी बाण्याचा पीळ शिखरापर्यंत नेण्याची बहुतेक वेळा गरज नसते. दुसऱ्या टोकाला, पीळ फारच कमी असेल तर धागा छेदावर चपटा होतो, शेजारच्या धाग्यांना अधिक क्षेत्रावर चिकटतो आणि सरकेनासा होतो, ज्याचा फटका टेअरला बसतो. थोडक्यात, पीळ हा एकाच दिशेने फिरवायचा खटका नव्हे. वाढवण्यापूर्वी आपण शिखराच्या कोणत्या बाजूला आहोत ते माहीत असावे, आणि ते कळण्यासाठी पीळ आणि ताकद दोन्ही एकाच कोनवर मोजावी लागतात.

धाग्याची जाडी आणि सरकायची जागा

एफ. टी. पियर्स यांनी 1937 मध्ये कापडाच्या भूमितीवर जे लेखन केले, त्यातून वापरात आलेला एक साधा हिशेब आजही कामाला येतो: कापसाच्या धाग्याचा व्यास इंचात 1 भागिले (28 गुणिले काउंटचे वर्गमूळ). 16 काउंटसाठी तो 1/112 इंच येतो. इंचात 60 पिक असतील तर बाण्याने इंचातील 60/112, म्हणजे सुमारे 54 टक्के जागा व्यापली. ताण्याचा हाच हिशेब केला तर 20 काउंटचा व्यास सुमारे 1/125 इंच येतो आणि 128 तारा इंचभर जागेत मावत नाहीत. त्या एकमेकींवर दबून बसतात. तीन-एक ट्विलमध्ये हे चालते, पण बाण्याचा प्रत्येक धागा किती गच्च गर्दीतून जातो हे यावरून दिसते. या कापडात टेअरची तक्रार नेहमी बाण्याचीच का येते, याचे अर्धे उत्तर येथेच आहे.

आता या हिशेबातला 28 हा आकडा सुताच्या विशिष्ट घनतेवर अवलंबून आहे. रोटर सूत अधिक फुगीर असते. समजा त्याचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर काउंट आणि पिक तेच राहूनही व्यापलेली जागा 54 वरून 59 टक्क्यांवर जाते. कागदावर काहीच बदललेले नसते. प्रत्यक्षात मात्र एकट्या धाग्याची ताकद कमी झालेली असते आणि त्याची सरकण्याची जागाही कमी झालेली असते, शिवाय वेढ्यांमुळे त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. टेअरच्या तीन गरजांपैकी दोन एकाच बदलाने मारल्या जातात. टेन्साइलला यातला पहिलाच फटका बसतो, म्हणून तेथे घसरण तुलनेने सौम्य दिसते आणि लॉट पास होऊन पुढे निघून जातो.

येथे विणीचाही उल्लेख करायला हवा. साध्या विणीत प्रत्येक धागा दर छेदावर अडकतो, म्हणून तेच सूत घेऊन केलेल्या ट्विलचे किंवा मॅटचे (धागे जोडीने विणलेल्या विणीचे) टेअर साध्या विणीपेक्षा बरेच चांगले येते. सूत बदलणे शक्य नसेल आणि रचनेत मोकळीक असेल, तर विणीकडे पाहणे हा पिक वाढवण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा मार्ग आहे.

दोष सुतात की नंतरच्या कामात?

याचा निवाडा करण्यासाठी मी एक ढोबळ गुणोत्तर वापरतो. कापडातून उसवलेल्या धाग्याची सरासरी ताकद काढावी, तिला पट्टीतील धाग्यांच्या संख्येने गुणावे, आणि पट्टीच्या प्रत्यक्ष टेन्साइलशी ताडून पाहावे. उदाहरणार्थ, 16 काउंट म्हणजे 36.9 टेक्स (एक किलोमीटर सुताचे ग्रॅममधील वजन). सुताची ताकद प्रति टेक्स 16 सेंटिन्यूटन धरली तर एका धाग्याची ताकद सुमारे 5.9 न्यूटन होते आणि 118 धाग्यांची बेरीज सुमारे 697 न्यूटन. पट्टी त्याच्या आसपास किंवा वर तुटत असेल, तर वीण आपले काम करत आहे, आणि ताकद कमी पडत असेल तर ती सुतातच कमी आहे. पट्टी त्यापेक्षा बरीच खाली तुटत असेल, तर धागे एकत्र भार घेत नाहीत असे समजावे, आणि क्रिंपकडे वळावे.

क्रिंप म्हणजे विणीत धाग्याला आलेली वळणे. कापडातील ठरावीक लांबीचा धागा उसवून, हलक्या ताणाने सरळ करून त्याची लांबी मोजली की ते काढता येते. दहा धाग्यांचे क्रिंप एकमेकांशी जुळत नसेल, तर ओढताना कमी क्रिंपचे धागे आधी ताठ होतात, आधी तुटतात, आणि मग उरलेल्यांवर भार येतो. असेच ताण्यात दोन वेगळ्या प्रकारची सुते मिसळली गेल्यावरही होते. धागे तुटतात ते ताणाच्या ठरावीक लांबीवर. जे कमी ताणले जातात ते आधी जातात, मग दुसऱ्यांची ताकद कितीही असो. दोन चांगली सुते मिसळून दोघांपेक्षा कमजोर कापड तयार होऊ शकते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण कापूस आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणातही काही प्रमाणांवर हेच घडते, कारण कापूस पॉलिएस्टरच्या आधी तुटतो.

असमानतेचा विषय मोठा आहे. येथे एवढेच पुरे. धागा त्याच्या सर्वांत कमजोर जागी तुटतो. याच पियर्स यांनी 1926 मध्ये हे गणिताने मांडले होते. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो, म्हणून बारीक जागा कडक आणि जाड जागा सैल अशी धाग्याची स्थिती होते. लडी ओढून काढलेल्या ताकदीत 120 यार्डांचे 80 वेढे एकाच वेळी ओढले जातात आणि अशा जागा सरासरीत लपतात. टेअरमध्ये धागे मोजक्या संख्येने तुटतात, त्यामुळे तेथे त्या उघड्या पडतात. म्हणून लडीच्या ताकदीवर पास केलेले सूत टेअरमध्ये नापास झाले तर त्यात विसंगती काही नाही. पँट-पद्धतीच्या टेअर चाचणीचा आलेख मिळत असेल तर सरासरीपेक्षा त्याचे दात पाहावेत. मध्येच खोल दरी पडत असेल तर बारीक जागांचा संशय घ्यावा.

सुतात काहीच बदल आढळला नाही, तर कोरे कापड, खळ काढलेले कापड आणि तयार कापड यांचे टेअर वेगवेगळे मोजावे. चुरगळू न देणाऱ्या रेझिन फिनिशने कापसाचे तंतू आतून बांधले जातात, त्यांची लवचिकता जाते, आणि टेअर व घासण्याला टिकण्याची क्षमता दोन्ही लक्षणीय घटतात. घसरण खळ काढल्यानंतर नव्हे तर फिनिशिंगनंतर दिसत असेल, तर सूतगिरणीला पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

चाचणीच्या परिस्थितीचीही खात्री करून घ्यावी. नमुने 65 टक्के आर्द्रता आणि 20 अंश सेल्सिअस तापमानात पुरेसा वेळ ठेवलेले असावेत. कोरडा पडलेला कापूस कमजोर होतो आणि ओला कापूस अधिक ताकद दाखवतो. व्हिस्कोसचे याच्या उलट असते. वेगवेगळ्या ऋतूंत, वातानुकूलन नसलेल्या खोलीत घेतलेल्या दोन आकड्यांची तुलना करून सुतावर ठपका ठेवणे हा मी स्वतः केलेला अन्याय आहे.

तयार लॉटचे आणि पुढच्या खरेदीचे काय?

विणून झालेल्या कापडातील सूत बदलता येत नाही, पण धाग्यांची मोकळीक काही प्रमाणात परत आणता येते. धाग्यांमधील घर्षण कमी करणारे सिलिकॉनसारखे सॉफ्टनर दिल्याने टेअर बऱ्याचदा वर येते. मात्र जी मोकळीक टेअरला मदत करते तीच शिवणीजवळ धागे सरकू देते, म्हणून असे कापड पाठवण्यापूर्वी शिवण सरकण्याची चाचणी घेतल्याशिवाय समाधान मानू नये. रेझिन द्यायचे असेल तर त्याचे प्रमाण कमी करता येईल का तेही पाहावे. नापास लॉटमधील उरलेले बाण्याचे कोन चांगल्या लॉटमध्ये "जिरवण्याचा" मोह होतो. तो आवरावा, कारण मग कापडावर आडव्या पट्ट्या दिसू लागतात आणि एका तक्रारीच्या दोन होतात.

पुढच्या खरेदीत "16 काउंट, कॉटन" एवढे लिहिणे बंद करावे. कताईचा प्रकार, म्हणजे रिंग, कॉम्पॅक्ट, रोटर की व्हॉर्टेक्स, तो नावानिशी लिहावा. पीळगुणक आणि पिळाची दिशा लिहावी. रोटर सूत घेत असाल तर पिळासाठी कताईच्या यंत्रावर ठरवलेला आकडा मागावा, आपल्या प्रयोगशाळेतल्या उलगडण्याच्या मोजणीवर भांडू नये. एकट्या धाग्याची प्रति टेक्स ताकद, तिच्यातील चढउतार आणि तुटेपर्यंतची लांबीवाढ या तिन्हींची किमान किंवा कमाल मर्यादा ठरवून घ्यावी. लडीची ताकद सोबत असली तरी केवळ तिच्यावर निर्णय घेऊ नये. जो लॉट सर्व चाचण्यांत नीट पास झाला त्याच्या सुताचा एक कोन आणि कापडाचा एक हात लांब तुकडा तारीख घालून बंद पिशवीत ठेवावा, आणि प्रत्येक नवीन लॉटचा पहिला कोन उघडला की मागावर चढवण्याआधी त्याचा इंचभर धागा त्या जुन्या धाग्याशेजारी धरून बोटांनी उलगडून पाहावा. आमच्याकडे हे काम आता गोदामात सूत उतरवून घेणारा माणूसच करतो, आणि गेल्या खेपेला न सांगता आलेले रोटर सूत त्याने कोन मागापर्यंत जाण्याआधीच बाजूला काढले.